घड्याळवालीचा डावा हात

मी माणसांचे अवयव रंगवतो. कापलेल्या बोटाच्या जागी बोट, गेलेल्या कानाच्या जागी कान, हाताच्या जागी हात. आमच्या कार्यशाळेत साचा करणारा वेगळा, भट्टीवाला वेगळा. माझ्याकडे येतं ते मेलेल्या माशाच्या पोटासारखं फिक्कट काहीतरी. माझ्याकडून जातं तेव्हा त्याला शिरा असतात, पेरांवर सुरकुत्या असतात, नखाच्या मुळाशी पांढरा अर्धचंद्र असतो. बढाई मारत नाही, पण माझ्या एका हाताला डास चावला आणि दुसऱ्या दिवशी तिथे गांधी उठली. दुसरा एक हात एका गृहस्थाने ज्योतिष्यापुढे धरला. त्याने आयुष्यरेषा बघून नव्वद वर्षं सांगितली. गृहस्थ साठीतच गेले. हात अजून ठणठणीत आहे.

एवढी फुशारकी मारून झाल्यावर त्या घड्याळवालीच्या हाताने माझी काय फजिती केली ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगतो. डोकं अजून भणभणतंय.

चौकात घड्याळांचं मोठं दुकान आहे. ती तिथे काउंटरवर बारा वर्षं होती. काचेखालचं घड्याळ काढायचं, स्वतःच्या डाव्या मनगटावर बांधायचं आणि गिऱ्हाईकापुढे हात धरायचा, हेच काम. माणसाच्या हातावर बघितल्याशिवाय घड्याळ कोणी घेत नाही म्हणे. एके दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर जाता जाता निसटलं आणि खाली आलं. मधे तिचा डावा हात होता.

जखम भरायला पाच महिने लागले. शेवटी शेवटी दुकानाचा मालक दवाखान्यात फळं घेऊन गेला आणि म्हणाला, "जागा ठेवतो तुझी. पण हात जुळायला हवा हं. हाताशी हात जुळला नाही तर गिऱ्हाईक घड्याळ सोडून हातच बघत बसेल. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ये. जुळला तर काउंटर तुझा. नाहीतर... मी तरी काय करू, सांग?"

म्हणजे सहा आठवडे होते.

ती पहिल्यांदा आली ती आईबरोबर. आमच्या संस्थेचा नियमच आहे, रुग्णाबरोबर रक्ताचं माणूस हवं, अर्जावर त्याची सही हवी. आई वाचनालयात कार्डं लावते. वरच्या वस्तीतली बाई, दुधासारखी गोरी, बोलणं असं तोलूनमापून की वाटावं शब्दसुद्धा परत करायच्या तारखेसह देते आहे. आमच्याकडे वरच्या वस्तीतले ते गोरे आणि खालच्या वस्तीतले ते काळे, असं सगळेच मानतात. मधून फक्त एक रस्ता जातो, पण तो ओलांडला की लोकांचे डोळे बदलतात. अर्जातही तसा रकाना आहे: वरचे की खालचे. खिडकीतला कारकून तो स्वतःच भरतो, विचारत नाही. 'दिसतंय की' म्हणतो. त्या रकान्यावरून कोठीतून मला रंगाचा डबा मिळतो, वरचा किंवा खालचा. तिसरा डबा नाही.

कारकुनाने चष्म्यावरून आईकडे बघितलं, मग पोरीकडे बघितलं आणि लिहिलं, 'खालचे'.

"अहो!" आई म्हणाली. "मुलगी माझी आहे!"

"तुमची असेल हो बाई. पण दिसतंय की."

आईचे कान लाल झाले. पोर नुसती मान खाली घालून उभी. तिला आत घेतलं, उत्तरेच्या खिडकीपाशी बसवलं. आता माझी पद्धत सांगतो, कारण घोळ तिथेच आहे. बाकीचे रंगारी नमुन्यांची पट्टी घेऊन बसतात, एक एक तुकडा कातडीवर ठेवून बघतात. पट्टी म्हणजे आंधळ्याची काठी, असं माझे उस्ताद म्हणायचे. माणसाला एकदा पुरं बघायचं, डोक्यापासून पायापर्यंत. मग तो गेल्यावर डोळे मिटून रंग मिसळायचा. चाळीस वर्षं मी तसंच केलं. पट्टी माझ्या टेबलावर आहे, चहाचा कप ठेवायला.

मी तिला पुरं बघितलं. आईच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. डोक्यात पक्कं बसलं: भाजलेल्या कॉफीचा रंग, त्यात थोडं तांबूस. बारा दिवसांत हात तयार झाला. माझ्या तोंडून शब्द गेला, "जिवंत झाला रे."

हात न्यायला ती वडिलांबरोबर आली. वडील रस्त्याच्या रोलरवर ड्रायव्हर. आडदांड, शाईसारखा काळा माणूस, हसला की खोलीत दिवा लागल्यासारखं व्हायचं. तो सकाळपासून हसत होता. मी हात पुढे केला, पोरीने तो चढवला, उजव्याशेजारी धरला आणि वडिलांचं हसू विझलं.

"हे काय हो रंगारीबुवा? माझा हात करून ठेवलात की काय?"

खरंच. नकली हात खऱ्याच्या पुढे चांगला तीन पायऱ्या काळा.

"पोरी, तू घरात बसून उजळलीस," मी म्हटलं.

"काका, मी रोज दोन तास उन्हात बसते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग पावडर लावली असशील."

"एका हाताने? तीही हाताला?"

दुरुस्तीचा नवा अर्ज, नवी सही. कारकुनाने वडिलांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि या वेळी लिहिलं, 'वरचे'.

वडील खिडकीत वाकले. "साहेब, नीट बघा. ही माझी मुलगी. वरची कशी होईल?"

"दिसतंय की."

"गेल्या वेळी खालची होती ना?"

"गेल्या वेळचा अर्ज बंद झाला. आता हा अर्ज."

मी पुन्हा तिला पुरं बघितलं, वडिलांच्या शेजारी उभी. लख्ख दिसत होती. स्वतःलाच शिव्या घातल्या की आधी आपले डोळे कुठे चरायला गेले होते. वरचा डबा घेऊन नवा हात केला, सायीत मध कालवावा तसा. तोंडाला पाणी सुटावं असा झाला.

तो न्यायला ती आईबरोबर आली आणि हात चढवल्यावर पांढऱ्या मोज्यासारखा दिसला.

आई म्हणाली, "तुम्ही चेष्टा करताय का आमची?"

"बाई, मी चाळीस वर्षं..."

"चाळीस वर्षं तुम्ही काय करत होता ते मला नका सांगू. गेल्या महिन्यात काय केलंत ते सांगा."

एक गंमत मात्र त्या दिवशी माझ्या लक्षात आली. आई बरोबर असली की पोरीचं बोलणंही चढायचं. 'कृपया', 'आपण', 'काही हरकत नाही.' आणि वडील बरोबर असले की 'जाऊ दे ना काका, होतंय की.' म्हणजे डोळ्यांना एक आणि कानांना भलतंच. आईशेजारी दिसायची खालची, बोलायची वरची. वडिलांशेजारी दिसायची वरची, बोलायची खालची. मी म्हटलं, ही पोरगी आहे की सरडा?

आठवडे चालले होते. व्यवस्थापकांनी मला बोलावून हळूच विचारलं, "रंगारीबुवा, डोळे दाखवून घेता का एकदा?" घेतले. डॉक्टर म्हणाला, तुमच्या नातवापेक्षा बरे आहेत. मला नातू नाही, पण ते जाऊ द्या. भट्टीवाल्याने मला 'इंद्रधनुष्य' म्हणायला सुरुवात केली. साचेवाला विचारायचा, "आज कुठला रंग, निळा?" तळपायाची आग मस्तकात जायची. दोन हात कपाटात पडले होते, एक काळा आणि एक गोरा, आणि दोन्ही त्याच पोरीचे.

दहा दिवस उरले तेव्हा ती दोघांना घेऊन आली. आई उजवीकडे, वडील डावीकडे, मधे ती. तिघांनाही माझी खात्री वाटेनाशी झाली होती, म्हणून पुरावा म्हणून सगळेच.

आई बोलायला लागली. मी आईकडे बघत होतो. शेजारी पोर सावळी, पहिल्या हातासारखी. मनात म्हटलं, बघा, माझं बरोबरच होतं! तेवढ्यात वडील खाकरले, मी तिकडे वळलो, आणि शेजारी पोर गोरी, दुसऱ्या हातासारखी. मी परत आईकडे. सावळी. वडिलांकडे. गोरी. मी मान अशी हलवायला लागलो की वडील म्हणाले, "अहो, उचकी लागली का?"

"गप्प बसा!" मी ओरडलो. "दोघंही बाहेर व्हा!"

"काय?"

"बाहेर! मधे तुम्ही बसलाय, म्हणून ती मला दिसतच नाहीये!"

आई चिडून, वडील बुचकळ्यात पडून बाहेर गेले. मग मी करड्या पुठ्ठ्याला मुठीएवढं भोक पाडलं, तो टेबलावर उभा केला आणि म्हटलं, "उजवा हात यातून घाल. तोंड दाखवू नको. बोलूही नको."

"काका, मी रडतेय असं वाटलं तरी नका बघू हं."

"नाही बघत."

भोकातून एक हात बाहेर आला. नुसता हात. वस्ती नाही, आई नाही, बाप नाही, बोली नाही. आणि मी, माझ्या उस्तादांचा एकुलता एक शिष्य, त्या चहाच्या डागांनी भरलेल्या पट्टीवरची धूळ झटकली आणि एक एक तुकडा कातडीवर ठेवायला लागलो. रंग निघाला दोन डब्यांच्या बरोबर मधला.

पण डबे दोन मिळत नाहीत. कारकून म्हणाला, "रकाना एक, खूण एक, डबा एक."

"अरे बाबा, तिची आई एक आणि बाप एक, दोघं आहेत ना?"

"मग दोन अर्ज करा. दोन रुग्ण आणा."

शेवटी मीच दुसरा अर्ज केला. रुग्णाच्या जागी तिचंच नाव, नात्याच्या जागी 'मामा' आणि खाली माझी सही. कारकुनाने माझ्याकडे बघितलं. माझा रंग कसा आहे ते सांगत नाही. त्याने 'वरचे' लिहिलं, एवढं पुरे. एक डबा आईच्या अर्जाच्या शिल्लकीतला, खालचा; एक माझ्या भाचीचा, वरचा. पुठ्ठा उभाच ठेवला. आठ दिवस ती रोज दुपारी यायची, भोकातून हात घालून बसायची, आणि मी थरावर थर चढवायचो. आठव्या दिवशी पुठ्ठा काढला. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. भट्टीवाला आला, साचेवाला आला, व्यवस्थापक आले. कुणाला सांगता येईना कुठला कुठला. ती स्वतः डाव्या हाताने नाक खाजवायला गेली आणि बोटं हलेनात तेव्हा हसली.

"काका, सोमवारी तुम्ही चला ना दुकानात."

"मी कशाला?"

"मामा ना तुम्ही?"

गेलो. नवा सदरा घालून गेलो, खोटं कशाला बोलू.

दुकान झगझगीत. काउंटर पांढऱ्या संगमरवराचा, आणि त्यावर घड्याळ ठेवायला काळ्या मखमलीचं तबक. ती आपल्या जागी उभी राहिली, बारा वर्षांच्या सवयीने. डाव्या मनगटावर घड्याळ बांधलं. पट्ट्याखाली सांधा बरोबर झाकला गेला; ते मी मोजूनच केलं होतं. डावा हात तबकात मखमलीवर, उजवा शेजारी संगमरवरावर. मालक गिऱ्हाईकाच्या बाजूला येऊन उभा राहिला. डोळे बारीक केले. जिभेने टकटक केलं.

"नाही जुळत."

बघितलं, आणि खरंच जुळत नव्हतं! मखमलीवरचा हात उजळ, संगमरवरावरचा काळवंडलेला. कुणी रात्रीतून बदलला की काय?

"कामाची तारीफ करतो," मालक म्हणाला, "पण हे लक्षात येतंच. हा बघा ना, कसा मंद दिसतोय. रक्तच नाही यात. मेणाचा वाटतो." आणि त्याने पेन काढून संगमरवरावरच्या हाताला टोचलं.

"आई ग!" ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

मालकाचं पेन तिथेच राहिलं.

"हा माझा आहे, साहेब," ती म्हणाली. "जन्मापासूनचा."

मी पुढे झालो. तिचे दोन्ही हात धरून मखमलीवर ठेवले. एकच रंग. संगमरवरावर ठेवले. एकच रंग. परत एक इकडे, एक तिकडे. दोन रंग. "बघा! दिसतंय ना? हाताचा नाही हो, खालच्या कापडाचा खेळ आहे हा. सगळा काउंटर मखमलीने झाका, मिटलं."

मालकाने विचार केला. विचार करणारा माणूस होता तो, म्हणून जास्त चीड येते. "मखमलीवर दोन्ही हात ठेवले तर ही वरची दिसते. खालच्या वस्तीतली गिऱ्हाइकं म्हणतात, इथे आपलं कोणी नाही. नुसत्या दगडावर ठेवले तर खालची दिसते. मग वरची गिऱ्हाइकं घड्याळ हातात घ्यायच्या आधी रुमाल काढतात. मी हे बघितलंय. मला दोन्ही गिऱ्हाइकं दुकानात हवीत."

"साहेब," ती म्हणाली. तिचा आवाज आईचाही नव्हता आणि वडिलांचाही नव्हता. "मी बारा वर्षं इथेच उभी होते. हाच दगड, हीच मखमल. डावा तबकात, उजवा बाहेर. तेव्हाही एक उजळ दिसत असेल आणि एक काळा. एकाही माणसाने काही म्हटलं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"तेव्हा कोण बघत होतं?" मालक म्हणाला. अगदी सरळपणे म्हणाला, त्यात खोट नव्हती. "आता हात नकली आहे हे माहीत झालंय. चौकात सगळ्यांना माहीत आहे. पहिलं ते हातच बघणार."

"मग?"

"मग एक रंगवून आणा. कुठलाही. हा बाहेरचा उजळ करता आला तर उत्तम."

"तो खरा आहे!" मी जवळजवळ किंचाळलो.

"असेल. जुळत नाही ना पण. गुरुवारपर्यंत थांबतो."

आम्ही बाहेर आलो. पदपथावर एक बाकडं होतं, तिथे बसलो. मी मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग कारकुनाच्या, मग दगडाच्या खाणीच्या मालकाच्या. ती ऐकत होती. माझा श्वास संपल्यावर तिने विचारलं, "काका, येईल का?"

"काय?"

"रंगवता."

"खऱ्या हाताला मी ब्रश लावणार नाही. तू सांगितलंस तरी नाही."

"खऱ्याला नाही हो. नकली. मखमलीवर ठेवल्यावर उजळतो ना? मग तो तेवढा काळा करा. दगडावरच्यासारखा दिसेल एवढा."

"अगं, मग काउंटर सोडलास की तो जुळणार नाही. रस्त्यात, घरात, बसमध्ये, कुठेच नाही. लोक बघतील."

"काउंटरवर आठ तास असते मी. बसमध्ये अर्धा." मग म्हणाली, "बसमध्ये काढून ठेवीन."

"दुसरं काम बघू ना पोरी. संस्थेत विचारतो मी."

"मला दुसरं काही येत नाही. मला घड्याळ घालून दाखवता येतं. आणि ते मी चांगलं करते." हे म्हणताना तिने मान वर केली, एकदाच.

मंगळवार आणि बुधवार मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात बरोबर हात बिघडवण्यात घालवला. आठ दिवसांचे थर, पेरांवरचं तांबूस, अंगठ्याखालची निळी शीर, सगळ्यावर एक मातकट काळा थर. भट्टीवाल्याने विचारलं, "हे काय करताय?" मी म्हटलं, "चूक करतोय, मोजून करतोय, गप्प बस." टेबलावर एका बाजूला संगमरवराची फरशी ठेवली, दुसऱ्या बाजूला काळं कापड, आणि ती समोर. या वेळी पुठ्ठा लावून उपयोग नव्हता. जे दिसतं तेच करायचं होतं.

गुरुवारी हात चढवून ती काउंटरमागे उभी राहिली. उजेडात येता येता दोन्ही हात इतके वेगळे दिसत होते की दारातली एक बाई थबकली. मग तिने डावा मखमलीवर ठेवला, उजवा दगडावर. मालक गिऱ्हाईकाच्या बाजूला आला. खाली वाकला. बाजूने बघितलं, चष्मा काढून बघितलं.

"वा," म्हणाला. "आता कसा! काही म्हणजे काही कळत नाही." आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून: "रंगारीबुवा, रागावू नका, पण हे पहिल्याच वेळेला जमलं असतं की नाही? बिचारीला उगाच सहा आठवडे हेलपाटे."

मी तोंड उघडलं. काउंटरमागून तिने माझ्याकडे बघितलं आणि मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवली. पहिलं गिऱ्हाईक आत आलं होतं आणि काचेखालच्या एका घड्याळावर बोट ठेवत होतं.

मी म्हटलं, "हो साहेब. चुकलंच." आणि बाहेर पडलो.